बेरिकला उतरण्याची मुभा

स्किप्टन, यॉर्कशर
११ जानेवारी १९९८

प्रिय डोरीन,

तुझं नाताळचं पत्र पोहोचलं. चार वेळा वाचलं. एकतीस वर्षं ‘येईन, येईन’ म्हणून झुलवलंस, आता खरंच येतेस म्हणायची! मागची खोली रंगवायला घेतली आहे. रंग कोणता म्हणून विचारू नकोस, दुकानदाराकडे जो उरला होता तो.

एक मात्र वाचलं आणि माझा चहा गार झाला. तुझा तो ट्रॅव्हलवाला म्हणतो, ‘परदेशी पाहुण्यांचा रेल्वे पास घ्या, निश्चिंत फिरा.’ अगं, अडतीस वर्षं तिकीटखिडकीच्या आत बसलेल्या माणसाची तू बहीण, आणि पास गळ्यात अडकवून फिरणार? उद्या खाटकाच्या घरचे लोक डबाबंद मटण आणायला लागतील.

नीट समजून घे. पास म्हणजे महिन्यातले कुठलेही आठ दिवस, कुठलीही गाडी, वाटेल तिथे चढा, वाटेल तिथे उतरा. ऐकायला झकास. पण पैसे मोजायचे ते या ‘वाटेल तिथे’चे. ज्याला कुठे जायचंय आणि कधी जायचंय हे ठाऊक आहे, त्याने आगाऊ तिकीट काढावं. त्या तिकिटावर गाडी ठरलेली, वेळ ठरलेली, बाकडं ठरलेलं, आणि किंमत जवळजवळ निम्मी. अट एकच: त्याच गाडीने जायचं आणि मध्ये उतरायचं नाही. उतरलीस की तिकीट संपलं. पण तू कशाला मध्ये उतरशील?

मी तुझ्या साऱ्या प्रवासाची जुळणी करून ठेवली आहे, तक्ता सोबत जोडतो. मँचेस्टरच्या विमानतळावरून स्किप्टन. आठ दिवस माझ्याकडे. मग कार्लाइलवरून एडिनबरा, पुढे तुझं सासर, अ‍ॅलेकची डंडी. चार दिवसांनी त्याच वाटेने परत. शेवटी दोन दिवस लंडन, कारण लंडन न पाहता परत गेलीस तर तुझे शेजारी तुला गावात घेणार नाहीत. गाड्या बदलायला प्रत्येक ठिकाणी किमान वीस मिनिटं ठेवली आहेत. चुकायला जागाच नाही.

तुझा,
विल्फ

ता.क. फोन करू नकोस. एवढ्या लांबून फोनवर मला नुसतं समुद्राचं घोंघावणं ऐकू येतं.


ओमारू, न्यूझीलंड
२६ जानेवारी १९९८

प्रिय विल्फ,

तुझा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलाय. शेजारीण बघायला आली, चष्मा काढून पुन्हा लावला आणि म्हणाली, ‘तुझा भाऊ सैन्यात होता काय गं?’ म्हटलं, ‘सैन्यात असता तर युद्ध वेळेवर संपलं असतं.’

तुझा हिशेब बरोबरच असणार. हिशेबात तुला कोण हरवणार? पण त्या पासाची गंमत ऐक. तो तिकडे ब्रिटनमध्ये विकतच नाहीत. तिथे राहणाऱ्याला मिळत नाही, बाहेरच्यालाच मिळतो, आणि निघायच्या आधी इकडेच घ्यावा लागतो. म्हणजे मी परदेशी ठरले म्हणून मला तो मिळणार! ट्रॅव्हलवाल्याने माझा पासपोर्ट उघडला, जन्मगाव स्किप्टन वाचलं आणि विचारलं, ‘बाई, तिकडे कोणी उरलंय का तुमचं?’ मी म्हणाले, ‘एक भाऊ आहे, पण तो मला निम्म्या किमतीत बांधून पाठवणार आहे.’ पोरगा हसला. मीही हसले.

विल्फ, मी सहासष्ट वर्षांची आहे. गुडघा एक दिवस चालतो, एक दिवस रुसतो. ‘अमुक गाडी, अमुक बाकडं’ म्हटलं की मला शाळेच्या सहलीची आठवण येते. एखाद्या स्टेशनावर वाटलं, उतरावं, चहा घ्यावा, पुढच्या गाडीने जावं, तर? दात कोरून पोट भरत नाही रे.

आणि सहज विचारते. डंडीला जायला कार्लाइलवरूनच का? नकाशात दुसरीही वाट दिसते, लीड्स आणि न्यूकॅसलवरून, समुद्राच्या कडेने. आपण लहानपणी एकदा तिकडून गेलो होतो ना?

तुझी,
डोरीन


स्किप्टन
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय डोरीन,

तुझ्या ‘उतरावं, चहा घ्यावा’चा मी हिशेब केला. पास आणि तिकिटं यांतला फरक धरला तर तो चहा तुला असा पडेल की कप-बशी, किटली आणि चहावाली यांच्यासकट घरी नेता येईल. हिशेबाचा कागद जोडला आहे. सात प्रवासांत सहा ठिकाणी तिकीट स्वस्त. सातव्या ठिकाणी, म्हणजे लंडनहून परत येताना, पास थोडा बरा. मी अप्रामाणिक माणूस नाही, म्हणून तेही लिहिलं.

ज्येष्ठ नागरिकांचं सवलत कार्ड काढलंस तर फरक आणखी वाढतो. ते मी इथेच तुझ्यासाठी काढून ठेवेन, तुझा एक फोटो पाठव. टोपी घातलेला नको.

समुद्राच्या बाजूची वाट म्हणशील तर लीड्सला बदला, यॉर्कला बदला, एडिनबऱ्याला बदला. तुझ्या रुसक्या गुडघ्याने पूल चढा, पूल उतरा. कार्लाइलची वाट सरळ आहे. डोंगर आहेत, मेंढ्या आहेत. त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही.

आता एक विचारतो, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझ्याकडे आठ दिवस तुला जास्त वाटतात का? पास हातात असला की केव्हाही उठून निघता येतं, हे काय मला कळत नाही? बायको गेल्यापासून घरात मी एकटाच असतो, बोलायला फारसं काही नसतं, हे खरं आहे. कंटाळा येईल असं वाटत असेल तर सरळ लिही. पाच दिवस करू. तक्ता बदलायला मला वेळ लागत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ तिकिटांची विक्री सुरू होईल. मी पहिल्या दिवशी रांगेत असेन. त्याआधी होकार कळव.

विल्फ


ओमारू
२२ फेब्रुवारी १९९८

प्रिय विल्फ,

वेडा आहेस का? तुझ्याकडे आठच दिवस राहायला मिळतात म्हणून मला रडू येतं, आणि तू पाचावर आलास! असं पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन कान धरीन.

पण तू विचारलंस म्हणून आता भांडं पुढे करते.

त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही, असं तू लिहिलंस. त्या बाजूला बेरिक आहे, विल्फ. बेरिकला आपली बहीण राहते. तुझा तक्ता मी महिनाभर भिंतीवर रोज पाहिला. जाताना कार्लाइल, येताना कार्लाइल. हेस्टरचं गाव टाळायला तू अर्धा देश वळसा घातलास, आणि वर मला मेंढ्या दाखवतोस.

पासाचं खरं कारण ऐक. हेस्टरशी तुझं बोलणं नाही, ते अठरा वर्षांचं आहे. पण माझंही नाही, आणि ते तुझ्यामुळे. आई गेली तेव्हा मी इथे होते, दोन पोरं पदराला, यायला पैसे नव्हते. तू पत्रात लिहिलंस की हेस्टर पहाटेच्या गाडीला उठलीच नाही, रमतगमत आली, आई तिची वाट पाहत गेली. मला आई भेटली नाही याचा राग होता, तो सगळा मी हेस्टरवर काढला. असं पत्र लिहिलं तिला की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. तिने उत्तर दिलं नाही. कशाला देईल?

त्या दिवशी ट्रॅव्हलवाल्याने विचारलं, ‘तिकडे कोणी उरलंय का?’ मी म्हणाले, एक भाऊ. बहीण आहे, हे तोंडातून निघालंच नाही. घरी आले आणि चुलीवरचं सूप करपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. हेस्टर चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. मी पुन्हा येणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मला तिची माफी मागायचीय. पण ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. आणि खरं सांगू? गाडी बेरिकच्या फलाटावर थांबल्यावर माझे पाय उठतील की नाही, हेही ठाऊक नाही. बेरिकचं तिकीट काढलं तर जायलाच लागेल. डंडीचं आगाऊ तिकीट काढलं तर उतरता येणार नाही. पास असला तर खिडकीतून बघेन, वाटलं तर उतरेन, नाही धीर झाला तर बसून राहीन आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. एवढ्या एका स्टेशनासाठी मला ते ‘वाटेल तिथे’ विकत घ्यायचंय. महाग असेल तर असू दे.

तुझी,
डोरीन


स्किप्टन
५ मार्च १९९८

डोरीन,

पत्र मिळालं. पास घ्यायचा तर घे. पैसे तुझे, गुडघा तुझा.

पास पहिल्यांदा वापरशील त्या दिवशी आधी स्टेशनच्या खिडकीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तो न मारता गाडीत बसू नकोस.

खोलीचा रंग वाळला.

विल्फ


ओमारू
२ एप्रिल १९९८

प्रिय विल्फ,

रोज टपालवाल्याची वाट पाहिली. शेवटी कळलं की त्या पाच ओळी म्हणजेच तुझं उत्तर.

पास घेतला. पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलंय, जसं काही चोरून आणलंय.

तू रागावलास हे दिसतंय. मला वाटलं होतं, एवढं मन उघडं केल्यावर तूही दोन शब्द बोलशील. लहानपणी तू असाच करायचास. चिडलास की कोळशाच्या खोलीत जाऊन बसायचास आणि हेस्टर दाराबाहेरून तुला पाव द्यायची. मी आता पाव घेऊन कुठल्या दाराबाहेर बसू? सात समुद्र मध्ये आहेत.

माझं येणं तुला जड होत असेल तर गावात एखादी खानावळ बघून ठेव. मी तिथे उतरेन आणि रोज चहाला येईन.

डोरीन


स्किप्टन
१४ एप्रिल १९९८

प्रिय डोरीन,

खानावळीचं नाव काढू नकोस. त्या खोलीला मी रंगाचे तीन हात दिलेत.

रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि शेगडीत घातलं. आज लिहून थेट टपालपेटीत टाकायचं म्हणून कोट आणि बूट घालूनच लिहायला बसलो आहे.

हेस्टर उशिरा उठली नव्हती. ती रमतगमत आली नाही.

आई जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला, म्हणाली, ‘आईचं कसं आहे? उद्या कोणत्या गाडीने निघू?’ मी म्हणालो, सकाळी न्यूकॅसलला ये आणि तिथून सव्वाअकराची लीड्सची गाडी धर, पावणेदोनला घरात असशील. वेळापत्रक उघडलंसुद्धा नाही. मला कशाला लागतंय वेळापत्रक? अकरा वर्षं दर रविवारी ती गाडी धावत होती. पण त्या नोव्हेंबरात रविवारी रुळांची कामं चालू होती आणि सव्वाअकराची बंद होती. त्याची सूचना माझ्याच खिडकीच्या काचेवर लागलेली होती. मीच चिकटवली होती, आतून, अक्षरं बाहेर करून. गावातल्या प्रत्येकाने ती वाचली. मला आठवडाभर त्या कागदाची कोरी पाठ तेवढी दिसत होती.

हेस्टर न्यूकॅसलच्या बाकावर तीन तास बसली. आई अडीचला गेली. हेस्टर पाच वाजता दारात उभी राहिली, अंगातला कोटही न काढता म्हणाली, ‘ती गाडी नव्हतीच, विल्फ.’ घरात शेजारी होते, पाद्री होते, माझा स्टेशनमास्तर होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘मी तुला दुसरी गाडी सांगितली होती. तू नीट ऐकलं नाहीस.’

मातीच्या दिवशी मी पुन्हा तेच म्हणालो. मग तुला लिहिलं, त्यात आणखी भर घातली. एकदा खोटं बोललं की त्याला जेवू घालावं लागतं, डोरीन. हळूहळू ते घरातलंच होऊन जातं.

आता आणखी एक. मी तुला पासावरून एवढं बोललो, पण मी स्वतः आयुष्यात कधी तिकीट काढलेलं नाही. रेल्वेच्या नोकराला फुकट पास असतो, निवृत्तीनंतरही. त्यावर चौकोन असतात, प्रवासाच्या दिवशी एका चौकोनात शाईने तारीख घालायची. दर वर्षी ४ नोव्हेंबरला, आई गेली त्या तारखेला, मी एक चौकोन भरतो आणि बेरिकला जातो. उतरतो. फलाटावरच्या बाकावर बसतो. हेस्टरचं घर तिथून दूर नाही. दीड तासाने परतीची गाडी येते, तिच्यात बसतो. असं अठरा वर्षं चाललंय. मला वाटेल तिथे उतरायची मुभा होती आणि मी उतरलोही, पण फलाटाच्या बाहेर पाऊल पडलं नाही. म्हणून तुझ्या पासाला एवढा विरोध. तू उतरशील, चालत जाशील, हे मला माहीत होतं.

तू तिला भेटलीस तर हे सगळं सांग. माझ्याने होत नाही.

विल्फ


ओमारू
२७ एप्रिल १९९८

विल्फ,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर इतकी भडकले होते की विमानाचं तिकीट रद्द करायला निघाले. अठरा वर्षं! मी तिला काय काय लिहिलं होतं, तुला कल्पना नाही. तुझ्या एका वाक्यावर मी माझी बहीण टाकून दिली.

तिसऱ्या दिवशी तू त्या बाकावर बसलेला दिसायला लागलास. हातात टोपी, शेजारी डबा. मग भडकणंही नीट जमेना.

पण एक स्पष्ट ऐक. तुझा निरोप मी नेणार नाही. मी माझी माफी मागायला जातेय, ती एकच मला पेलवली तर पुष्कळ झालं. तुझी तू माग. मी टपालवाली नाही. हेस्टरने तुझ्याबद्दल विचारलं तर मी म्हणेन, त्यालाच विचार. तुझ्याकडे कागद आहे, पेन आहे, आणि शेगडीपासून लांब बसायची अक्कल आता आली आहे.

३१ मे, दुपारी, स्किप्टन. स्टेशनवर ये. ओळखू आले नाही तर निळी टोपी बघ.

डोरीन


बेरिक
९ जून १९९८

प्रिय विल्फ,

उतरले.

आधी तुझ्याबद्दल. तुझ्या घरी आठ दिवस काढले. आपण बटाट्यांवर बोललो, छतावर बोललो, तुझ्या दाढेवर बोललो, आणि या एका गोष्टीवर अवाक्षर नाही. मला वाटलं, विल्फ काही सुधारायचा नाही. मग काल सकाळी फलाटावर तू माझ्या हातात ती चिठ्ठी कोंबलीस आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून निघालास. मी ती लीड्सला उघडली. बेरिकला थांबणाऱ्या त्या दिवसाच्या सगळ्या गाड्या, आणि दुसऱ्या दिवसाच्याही, पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या. खाली लिहिलेलं, ‘वेळापत्रकातून दोनदा तपासलं आहे.’ डब्यातल्या एका बाईने मला रुमाल दिला.

बेरिक आलं तेव्हा माझे पाय खरंच उठेनात. दार उघडलं, माणसं उतरली, चढली. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘बाई, तुमचं हेच का?’ मी म्हणाले, ‘बहुतेक.’ त्याने बॅग खाली ठेवली, मग उतरावंच लागलं.

हेस्टरने दार उघडलं. केस पांढरेशुभ्र झालेत, नजर तीच. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘बूट काढ, फरशी आत्ताच पुसलीय.’ बस्स! एकतीस वर्षांनी! मी उंबऱ्यातच रडायला लागले तर म्हणाली, ‘रडायचं ते आत येऊन रड, समोरची बाई पडद्याआडून बघतेय.’

मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘तुझं पत्र मी वाचलं आणि चुलीत घातलं. तू लांब होतीस. तुला जे सांगितलं ते तू खरं मानलंस. त्यात तुझी चूक एवढीच की मला विचारलं नाहीस.’ मग मासा तळला, माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला.

तुझ्याबद्दल तिने एकदाच विचारलं, ‘विल्फची तब्येत बरी आहे ना?’ मी म्हणाले, ‘त्यालाच विचार.’ ती म्हणाली, ‘मी कशाला विचारू?’ आणि भांडी घासायला उठली. पण भांडी घासून झाल्यावर पुन्हा एकदा घासली.

मी इथे तीन दिवस राहतेय. अ‍ॅलेकची डंडी कुठे पळून जात नाही. आता तुझी पाळी.

डोरीन


स्किप्टन
११ जून १९९८

प्रिय हेस्टर,

त्या रविवारी मी तुला सव्वाअकराची गाडी सांगितली होती. तू बरोबर ऐकलं होतंस. ती गाडी बंद होती, आणि तशी सूचना मीच खिडकीला लावलेली होती. तू दारात आलीस तेव्हा सगळ्यांसमोर मी खोटं बोललो. मातीच्या दिवशी पुन्हा बोललो आणि डोरीनलाही तेच लिहिलं. तुला आई शेवटची दिसली नाही, त्याला मी कारण आहे. आणि त्याचा दोषही मी तुझ्याच माथी मारला.

दर वर्षी ४ नोव्हेंबरला हे सांगायला मी बेरिकच्या फलाटापर्यंत येतो आणि परत जातो.

माफ कर असं लिहायला धजत नाही. पण जे खरं होतं ते तुझं होतं, आणि ते तुझ्या हातात असायला हवं.

विल्फ


बेरिक
१३ जून १९९८

विल्फ,

गाडीचं मला त्याच आठवड्यात कळलं होतं. परत येताना न्यूकॅसलच्या खिडकीवर विचारलं. तिथल्या माणसाने सांगितलं, महिनाभर बंद आहे, सगळ्या स्टेशनांवर सूचना लावली आहे. म्हणजे तूच चुकलास हे मला माहीत होतं. माणूस चुकतो. लोकरीच्या दुकानात मी चाळीस वर्षं काढली, चुकीची लोकर कितीदा बांधून दिली असेल. तू ‘चुकलो’ म्हणाला असतास तर मी दोन दिवस ओरडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुला जेवायला वाढलं असतं.

फलाटाचं मात्र माहीत नव्हतं. अठरा वेळा! माझं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे, मध्ये एक चढ आहे, तोही फारसा नाही. तुझ्यासारखा गाढव यॉर्कशरमध्ये दुसरा नसेल.

आता मला काय हवंय ते सांगते. माफी नको. आई गेली तेव्हा तिच्याजवळ तू एकटा होतास. मी आले तेव्हा चादर ओढलेली होती, आणि लगेच आपलं भांडण जुंपलं. ते शेवटचे तीन तास कसे गेले, हे अठरा वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही. सांगणारा तू एकटाच, आणि तुझ्याशी मी बोलत नव्हते. तिला दुखत होतं का, काही खाल्लं का, काही बोलली का. मी रोज वेगवेगळं मनात रचते. मला खरं काय ते हवंय.

ये आणि सांग. डोरीन डंडीहून शुक्रवारी परत इथे येणार आहे. तूही ये. काही गाळू नकोस आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस.

हेस्टर


स्किप्टन
१५ जून १९९८

प्रिय हेस्टर,

शनिवारी येतो. पण जे सांगायचंय ते तुझ्यासमोर बसून माझ्या तोंडातून निघेल असं वाटत नाही, म्हणून आधी लिहितो. डोरीनलाही मी हे सांगितलेलं नाही. तिला उलटंच सांगितलं.

आई साडेअकराला जागी झाली. दुखत नव्हतं, डॉक्टर सकाळीच औषध देऊन गेले होते. दोन चमचे चहा घेतला. पहिलंच वाक्य बोलली, ‘हेस्टर निघाली का?’ मी म्हणालो, निघाली, गाडीत आहे. थोड्या वेळाने पुन्हा, ‘कुठे आली?’ मी घड्याळ पाहून म्हणालो, डरॅम गेलं. मग डार्लिंग्टन गेलं. मग यॉर्क. तिला ते ऐकायला आवडत होतं, प्रत्येक नावाला मान हलवायची. तू न्यूकॅसलच्या बाकावर बसली होतीस आणि मी तुला एकेक स्टेशन पुढे आणत होतो. मला खरंच वाटत होतं की तू त्या गाडीत आहेस.

पावणेदोनला मी म्हणालो, आता स्किप्टन आलं. मग तू आली नाहीस. मी खिडकीत जाऊन आलो, पुन्हा जाऊन आलो. दोनच्या सुमाराला शेजारच्यांचं फाटक वाजलं. आईने डोळे मिटलेले होते. तिने हात पुढे केला आणि विचारलं, ‘आलीस, हेस्टर?’

मी तो हात धरला आणि ‘हो’ म्हणालो.

तिने माझ्या हातावरून अंगठा फिरवला, तू तापाने निजलेली असायचीस तेव्हा फिरवायची तसा. म्हणाली, ‘गार पडलेत गं हात तुझे.’ नंतर बोलली नाही. अर्ध्या तासाने गेली. हात शेवटपर्यंत सोडला नाही.

ती तुझी वाट पाहत गेली नाही, हेस्टर. तू जवळ आहेस असं समजून गेली. पाच वाजता तू दारात आलीस तेव्हा हेच आधी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर गाडीचंही सांगावं लागलं असतं.

विल्फ